लोकल कॉलच्या पल्ल्यात

अमेरिका ऑनलाइन, म्हणजे एओएल, या कंपनीनं ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप सेवा बंद केली. बातमी आली आणि जगभरच्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांना मोडेमचा तो कर्कश सूर आठवला. आठवणी निघाल्या त्या बहुतेक महानगरांच्या. मला मात्र ही गोष्ट ईटहून मोजावीशी वाटते. धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगररांगेतलं हे गाव. मुंबईत इंटरनेट कधी आलं याची तारीख कुणीही सांगेल; ते ईटसारख्या गावाकडे यायला निघालं तेव्हा वाटेत कुठे अडलं आणि कशानं सुटलं, हे फारसं कुणी सांगत नाही. ते संगणकापायी अडलं नव्हतं. अडलं होतं फोनच्या पल्सपायी, म्हणजे कॉलचं बिल ज्या एककात मोजतात त्यापायी, आणि सुटलं तेही पल्समुळेच.

डायल-अप म्हणजे मुळात एक फोन कॉल. आपला फोन इंटरनेट पुरवणाऱ्याच्या फोनला लागतो आणि आपण जोडलेले आहोत तोवर कॉल चालू राहतो. इकडचा मोडेम संगणकातल्या आकड्यांचा आवाज करतो, पलीकडचा मोडेम त्या आवाजाचे पुन्हा आकडे करतो. त्यामुळे जिथे धड फोन नाही तिथे इंटरनेट नाही. आणि जिथून तो कॉल एसटीडीचा, म्हणजे परगावच्या महाग दराचा, पडतो तिथे ते असून नसल्यासारखंच.

आणि फोन तरी कुठे होता? ऐंशीच्या दशकात फोनसाठी अर्ज करायचा आणि डिमांड नोट येण्याची वर्षानुवर्षं वाट बघायची, ही शहरातली गत. खेड्यात पोस्टातला एक फोन असला तरी गाव भाग्यवान. १९८४ साली सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं सी-डॉट ही संस्था सुरू झाली आणि तिनं खेड्यांसाठी १२८ पोर्टचं एक छोटं स्वयंचलित एक्स्चेंज तयार केलं. परदेशी एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागायची. हे यंत्र धुळीत आणि उन्हाळ्यात, साध्या खोलीत चालायचं. पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. मराठवाड्याच्या मोठ्या गावांतून पुढे अशीच एक्स्चेंजं आली, त्यांच्या पाठोपाठ पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले, आणि रात्री अकरानंतर दर पाववर उतरायचा म्हणून त्या वेळी बूथसमोर रांगा लागू लागल्या. पुण्याला शिकायला गेलेला मुलगा, ऊसतोडीला गेलेला भाऊ, मुंबईतला मामा, सगळ्यांशी बोलणं रात्री अकरानंतर.

आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांचं याहून अवघड होतं. तिथे तांब्याची तार पोचतच नव्हती. अशा देशभरच्या हजारो खेड्यांना नव्वदच्या दशकात मार नावाच्या रेडिओ यंत्रणेवरून सार्वजनिक फोन दिले गेले. मध्यभागी एक टॉवर, भोवतीच्या गावांत ॲंटेना आणि बॅटरी. ही यंत्रणा सारखी बिघडायची. ती चालू असली तरी त्यावरून जेमतेम बोलणं व्हायचं. मोडेमची बोली तिला पेलणारी नव्हती. पुढे जे घडलं त्याचा नकाशा इथेच आखला गेला. तार असलेलं गाव आणि तार नसलेली वाडी, हा फरक इंटरनेटनं निर्माण केलेला नाही, त्याला तो आयता मिळाला.

मुंबईत या काळात निराळंच काही चाललं होतं. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं अर्नेट हा प्रकल्प हाती घेतला. त्यातलं मोठं काम जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत, डॉ. श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखाली झालं. एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात ईमेलची देवघेव सुरू झाली, आणि दशक संपता संपता जुहूहून अमेरिकेपर्यंत दुवा जोडला गेला. पण हे सगळं प्राध्यापक आणि संशोधकांपुरतं. सामान्य माणसाला पैसे मोजूनही ते मिळत नव्हतं.

ते मिळू लागलं १५ ऑगस्ट १९९५ पासून. परदेशी दळणवळणाची मक्तेदारी असलेल्या विदेश संचार निगमनं, व्हीएसएनएलनं, त्या दिवशी गेटवे इंटरनेट ॲक्सेस सर्व्हिस ही सेवा मुंबईसह मोजक्या महानगरांत खुली केली. थोड्याच काळात पुणंही आलं. व्हीएसएनएलकडे हे काम जाणं साहजिकच होतं. मुंबईच्या फोर्टातलं तिचं मुख्यालय, जुन्नर तालुक्यातल्या आर्वीचं १९७१ चं विक्रम उपग्रह केंद्र, मुंबईच्या किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्राखालच्या केबल. परदेशाशी बोलण्याची वाट महाराष्ट्रातूनच जात होती. इंटरनेट सेवा खुली होण्याच्या पंधरा दिवस आधी देशातला पहिला मोबाइल कॉल झाला होता. १९९५ च्या त्या पंधरवड्यात भारताच्या हाती दोन गोष्टी आल्या, आणि त्यांतली एक पुढे दुसरीला गिळणार आहे हे तेव्हा कुणालाही दिसत नव्हतं.

सुरुवात चांगली झाली नाही. मागणीचा अंदाज चुकला, मोडेम कमी पडले, फोनच्या ज्या तारांवरून हे चालायचं त्या तारा कुचकामी निघाल्या. पैसे भरलेल्या लोकांना तासन्‌तास फक्त एंगेज टोन ऐकू येई. वर्तमानपत्रांनी धारेवर धरलं. तेव्हाचे अध्यक्ष बी. के. सिंगल यांनी आपलं चुकलं हे पत्रकारांपुढे उघड मान्य केलं आणि काही आठवड्यांत सुधारणा करून दाखवली. सरकारी कंपनीच्या प्रमुखानं असं बोलणं त्या काळी दुर्मीळ होतं, आणि मला वाटतं, ग्राहकांनी सेवेला पाठ दाखवली नाही त्यात या कबुलीचाही वाटा होता. पहिल्या सहा महिन्यांत ग्राहक दहा हजारांच्या घरात गेले.

दर मात्र ऐकूनच घाम फुटावा असे. एका माणसाच्या २५० तासांच्या खात्याला ५,००० रुपये, संस्थांना आणि कंपन्यांना त्याच्या कितीतरी पट. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. विद्यार्थ्यांसाठी एक स्वस्त शेल खातं होतं. त्यात चित्रं नाहीत, माउस नाही, काळ्या पडद्यावर फक्त अक्षरं. पाइनमध्ये मेल वाचायची, लिंक्समध्ये वेबपानं बघायची. मुंबईकरांचे पत्ते असायचे जीआयएएसबीएम०१ च्या शेपटीचे, पुणेकरांचे जीआयएएसपीएन०१ च्या. व्हिजिटिंग कार्डावर हा लांबलचक पत्ता छापून घेण्याची केवढी हौस होती!

आता हेच सगळं ईटहून बघा. गावात कुणी संगणक घेतला, मोडेम घेतला, ५,००० रुपयेही भरले, तरी कॉल लावायचा कुठे? पुण्याला. म्हणजे एसटीडी. खात्यातले तास संपण्याआधी फोनच्या बिलानं माणूस संपायचा. पुण्यात डेक्कनला राहणारा माणूस ज्या दरात शेजारच्या पेठेतल्या आत्याशी बोले त्याच दरात अमेरिकेतल्या संगणकाशी बोलत होता, आणि भूम तालुक्यातल्या माणसाला त्या पहिल्या दोनशे किलोमीटरांचेच पैसे परवडत नव्हते. जग जवळ आलं म्हणतात ते खरं, पण महाग होतं ते पुणं.

ही कोंडी फुटली १९९८ मध्ये. त्या वर्षी मे महिन्यात केंद्रानं माहिती तंत्रज्ञानासाठी एक राष्ट्रीय कृती दल नेमलं. जुलैत त्याचा १०८ शिफारशींचा आराखडा आला. त्यातला ईटच्या दृष्टीनं सोन्याचा मुद्दा असा होता की इंटरनेटचं केंद्र जिल्ह्याजिल्ह्यात उभं राहावं, आणि ते होईपर्यंत जवळच्या केंद्राला लोकल कॉलच्या दरात जोडता यावं. नोव्हेंबरात नवं धोरण जाहीर झालं आणि व्हीएसएनएलची इंटरनेट सेवेतली मक्तेदारी संपली. खासगी कंपन्यांना परवाने खुले झाले. परवान्याचे तीन वर्ग होते: अख्खा देश, एक दूरसंचार मंडळ, किंवा एखाद्या जिल्ह्याएवढं छोटं क्षेत्र. सत्यम ऑनलाइन पहिली उतरली, मग मंत्रा ऑनलाइन, डिशनेट आणि इतर कितीतरी. परवाने शेकड्यांनी निघाले, प्रत्यक्ष सेवा थोड्यांनीच दिली, आणि ज्यांनी दिली त्यांची नजर मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर यांवर. पैसा तिथे वाहत होता. नोव्हेंबर १९९९ मध्ये राजेश जैन यांची मुंबईतली इंडियावर्ल्ड ही कंपनी सत्यमनं ४९९ कोटी रुपयांना घेतली तेव्हा मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवरही वेबसाइट हा शब्द आला.

मराठवाड्याच्या आतल्या तालुक्यांपर्यंत यायला यांतली एकही कंपनी उत्सुक नव्हती, आणि त्यांना दोष देण्यातही अर्थ नाही. तिथे गिऱ्हाईक कुठे होतं? तिथवर आलं ते सरकारी दूरसंचार खातंच, जे १ ऑक्टोबर २००० पासून बीएसएनएल झालं. बीएसएनएलच्या सेवेचं नाव संचारनेट. तिचा क्रमांक १७२२३३. हे सहा आकडे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण माझ्या मते मराठवाड्याच्या इंटरनेटच्या इतिहासात १५ ऑगस्ट १९९५ पेक्षा त्यांचं मोल मोठं. हा क्रमांक फिरवला की कॉल आपल्या जिल्ह्याच्या केंद्राला लागे आणि लोकल म्हणून मोजला जाई. तीन मिनिटांचा एक पल्स, तासाला वीस कॉल. इंटरनेटचे तास निराळे विकत घ्यायचे, पण फोनचा आकडा आता वीस-पंचवीस रुपयांच्या आत राहणारा. ईट आणि पुणं यांच्यामधलं अंतर एका दरपत्रकानं मिटवलं.

यानंतरची पाच-सहा वर्षं हा आमच्या भागातला डायल-अपचा खरा काळ. घरोघरी संगणक नव्हतेच. भूम, परंडा, कळंब अशा तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ किंवा कॉलेजच्या रस्त्याला एखाद-दुसरं सायबर कॅफे निघालं, पुष्कळदा जुन्या एसटीडी बूथवाल्यानंच काढलेलं. प्लायवूडचे आडोसे, एक वही, वहीत नाव आणि वेळ. मालक संचारनेटच्या कार्डावरची चांदी नाण्यानं खरवडून पासवर्ड टिपून घेई. मग विंडोज ९८ च्या छोट्या चौकटीत तो घालायचा आणि कान द्यायचे. आधी डायल टोन, मग सहा आकड्यांचे टुकटुक आवाज, थोडी शांतता, मग पलीकडच्या मोडेमची लांब शीळ, तिला इकडच्या मोडेमचं उत्तर, दोन्हींची खरखर एकात एक मिसळलेली, आणि एकदम गप्प. पडद्यावर युजरनेम तपासत असल्याची ओळ. कोपऱ्यात दोन इवलेसे संगणक लुकलुकू लागले की कुणीतरी आडोशामागून विचारायचं, "लागलं का नेट?"

तो आवाज म्हणजे दोन यंत्रांची बोलाचाली होती. ही तार किती चांगली आहे, खरखर किती आहे, आपण किती वेगानं बोललो तर एकमेकांना कळेल, हे दोन मोडेम आधी ठरवून घेत. खोक्यावर ५६ के लिहिलेलं असे, पण तो वेग तार आणि एक्स्चेंज दोन्ही उत्तम असतील तरच. गावाकडच्या लांब, जागोजाग सांधलेल्या तारेवर तीस मिळाला तरी दुकानात आनंद. सेकंदाला साधारण साडेतीन किलोबाइट धरले तर चार मेगाबाइटचं एक गाणं उतरायला वीस मिनिटं, म्हणजे सहा-सात पल्स. मध्येच कुणी जोडफोनचा रिसीव्हर उचलला की लाइन कट. वळवाच्या पावसात वीज कडाडली की आधी तार उपटायची, नाहीतर मोडेम जळालाच म्हणून समजा. मृग नक्षत्रात असे कितीतरी मोडेम गेले. आणि २००५ च्या सुमारास भारनियमनाचे तास वाढले तेव्हा दुकानाची वेळ दुकानदार ठरवत नव्हता, फीडर ठरवत होता.

मग लोक येत कशाला? बोर्डाचा निकाल बघायला. नोकरीचा अर्ज भरायला, सैन्यभरतीची जाहिरात वाचायला. याहू आणि रेडिफवर खातं उघडायला. आणि सगळ्यांत जास्त, मला वाटतं, मेलची प्रिंट घ्यायला. आखातात किंवा अमेरिकेत गेलेल्या मुलाची मेल कॅफेवाल्याच्याच खात्यावर येई. "मावशी, पोराचा मेल आलाय," असा निरोप जाई, मावशी येत, कॅफेवाला डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर कागद काढून वाचून दाखवी, उत्तर ऐकून टाइप करी. अडाणी माणसाचं पत्र पोस्टमननं वाचून देण्याची जुनी रीत होती, तीच इथे पुढे चालली. इंटरनेट ही एकट्यानं, खोलीचं दार लावून वापरायची गोष्ट आहे असं तेव्हा आमच्याकडे कुणाला वाटत नव्हतं.

या मेल मराठीत असत, लिपी मात्र रोमन. संगणकावर मराठी नव्हती असं नाही. पुण्याच्या सी-डॅकनं जिस्ट तंत्रज्ञान केलं होतं, श्रीलिपी या सॉफ्टवेअरवर छापखाने चालत होते. पण प्रत्येक फाँटची संकेतांची मांडणी निराळी. एका फाँटात लिहिलेलं पान तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडलं की नुसती चिन्हांची रास. वाचायचं तर आधी फाँट उतरवून घ्या, तोही त्याच तारेवरून, पल्स मोजत. तरीही परदेशातल्या मराठी माणसांनी धीर सोडला नाही. मायबोली डॉट कॉम १९९६ च्या गणेश चतुर्थीला, १६ सप्टेंबरला, अमेरिकेतून सुरू झालं. पुढे युनिकोड आलं आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. त्या वर्षी आमच्या भागातलं नेट अजून १७२२३३ वरच चालत होतं. म्हणजे मराठीचा सर्वांत मोठा खुला ज्ञानकोश आणि मराठी मुलखाचा मोठा भाग यांची पहिली गाठ पडली ती या कटणाऱ्या तारेवर.

संगणक शिकवला कुणी, हेही सांगायला हवं. राज्य सरकारच्या पुढाकारानं २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, एमकेसीएल, उभं राहिलं आणि २००२ पासून एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यात सुरू झाला. सरकारी नोकरीसाठी तो लागू लागला आणि वर्ग भरले. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, दहावी झालेल्या मुली. पुष्कळांनी माउस पहिल्यांदा हातात धरला तो या वर्गात. वर्गातला एक फोन आणि एक मोडेम सगळ्यांत मिळून असे. मुलींच्या दृष्टीनं हे वर्ग फार मोलाचे ठरले. कॅफेत जाण्याला घरचे नाही म्हणत. वर्गाला जाण्याला म्हणत नसत.

याच सुमारास पश्चिम महाराष्ट्रात एक मोठा प्रयोग झाला, आणि त्याकडे बघितल्याशिवाय आमच्या भागाचा हिशेब पुरा होत नाही. १९९८ मध्ये वारणानगरला वायर्ड व्हिलेज प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर-सांगलीकडची सत्तर गावं, तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला सहकारी समूह, केंद्र आणि राज्य सरकारचा पैसा, एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेचं तंत्रज्ञान. गावोगावच्या ५४ केंद्रांत संगणक ठेवले गेले. स्वप्न मोठं होतं: बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी दाखले, सगळं गावात. प्रत्यक्षात शेतकरी तिथे जात ते आपला ऊस किती टन भरला, बिल किती झालं, खत किती उचललं हे बघायला. काहींनी यावरून प्रकल्प फसला म्हटलं. मला ते पटत नाही. उसाच्या वजनाचा हिशेब घराजवळ बघायला मिळणं ही शेतकऱ्याची खरी गरज होती, आणि ती भागली. २००६-०७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवून बघितला. एसएमएस पाठवायचा, आकडा यायचा. काम तेच, खर्च कितीतरी कमी.

वारणेत जे जमलं ते भूमला का नाही, याचं उत्तर तंत्रज्ञानात सापडत नाही. तिथे कारखाना, दूधसंघ, शाळा-कॉलेजं एका छत्राखाली होती. संगणकात भरायला माहिती होती आणि ती सांभाळायला संस्था होती. भूम-परंड्याकडे खवा आहे, भट्ट्या आहेत, कष्ट आहेत. पण त्या खव्याच्या रोजच्या भावाची एकत्र नोंद ठेवणारी तशी ताकदीची संस्था त्या काळी नव्हती. तार दोन्हीकडे होती. तारेवरून पाठवायला काय होतं, तिथे फरक पडला.

शेवट भराभर आला. फेब्रुवारी २००२ मध्ये व्हीएसएनएलचा ताबा टाटांकडे गेला. ऑक्टोबर २००४ च्या धोरणानं ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट असं ठरवलं आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलनं डेटावन आणलं. पण ते एक्स्चेंजपासून काही किलोमीटरपर्यंतच धड पोचे, म्हणजे पुन्हा तार असलेलं गाव पुढे आणि वाडी मागे. वाडीवर इंटरनेट गेलं ते थेट मोबाइलच्या टॉवरवरून, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर पल्स हा शब्दच लोकांच्या बोलण्यातून गेला. गावातल्या खांबांवरून लोंबणारी तांब्याची तार कुणी कापून नेली तरी विचारणारं कुणी उरलं नाही.

त्या काळाचं एक नुकसान मात्र अजून भरून काढता येण्यासारखं आहे. जीआयएएसबीएम०१ चे पत्ते मेले, कॅफेवाल्यांची खाती बंद पडली, आणि त्यांतला पत्रव्यवहार गेला. आपल्या भागातून परदेशी गेलेल्या पहिल्या पिढीनं घरी काय लिहिलं, आईनं कॅफेवाल्याकरवी काय उत्तर धाडलं, हे आता कुठल्याही सर्व्हरवर नाही. ते असलं तर डॉट मॅट्रिक्सच्या त्या प्रिंटांवर आहे, ज्या पोथ्यांच्या फडक्यात, शाळेच्या दाखल्यांबरोबर, ट्रंकेच्या तळाशी पडलेल्या असतील. ते कागद कायमचे टिकणारे नाहीत. ईट, भूम, वाशी, कळंब, कुठेही असा कागद कुणाच्या घरात असेल तर त्याचा मोबाइलवर नीट फोटो काढून ठेवा, मागे तारीख आणि कुणी कुणाला लिहिलं ते टिपा, आणि गावच्या वाचनालयात एक प्रत द्या.